सरपंचांच्या मातोश्रींना नाव होतं

मंडळी, आज पिंगळीत आमच्या आजीच्या तेराव्याचा फ्लेक्स लागला. पंच्याण्णव वर्षं जगली बाई. शोकाकुल नातवांचे गॉगल घातलेले अकरा फोटो, आणि आजीच्या फोटोखाली फक्त ‘माजी सरपंचांच्या मातोश्री’.

माजी सरपंच म्हणजे आमचे काका. म्हणाले, “आरं, समद्या गावाला माहीत हाय की. नाव कशाला?”

मग मी आजीचाच किस्सा सगळ्यांसमोर सांगितला. निजाम गेला, पहिली निवडणूक आली. मतदारयादीवाला दारात. घरच्या बायका दाराआड. पणजोबा म्हणाले, “सून हाय. लिवा, मारुतीची बायको.” गावातल्या बहुतेक बायका यादीत अशाच चढत होत्या.

आमची आजी पदर सावरत बाहेर आली. “सायब, मला माझं नाव हाय. गोदावरी. ते लिवा.”

पणजोबा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. “लय निवांत गेला तो महिना,” असं ती सांगायची.

ऐकून काकांनी शिडी मागवली, सत्तरीत स्वतः वर चढले आणि रंगानं मोठं लिहिलं: गोदावरीबाई. अक्षर वाकडं आलंय, पण रस्त्यावरून वाचता येतं.

तुमच्या आजीचं नाव, कुणाला फोन न लावता, सांगता येईल?