बाई उघड सांगायच्या

“माझं डोकं एकदा पार बिघडलं होतं. तुला सांगितलं का?”

अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगावं इतक्या सहज बाई हे सांगायच्या, तेही डब्यातली कोशिंबीर वाढता वाढता. नवीन माणूस घास हातात धरून बसून राही. मोकळं बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण नव्वदच्या दशकात, वालीवच्या कारखान्यात, भरल्या टेबलावर असं बोलणारी दुसरी बाई मी तरी पाहिली नाही.

त्या आमच्या पॅकिंग खात्याच्या सुपरवायझर. आगाशीच्या बागायतदार घरातल्या. मशीन बंद पडलं की म्हणत, “होईल दुरुस्त. मी नाही का झाले?”

मुलगी झाल्यावर मी कामावर परतले ती वेगळीच होऊन. फुलपाड्याच्या घरात बाळ रडायचं आणि मला काहीच वाटायचं नाही. त्या न वाटण्याचीच भीती वाटायची. एका दुपारी बाईंनी मला जिन्यात गाठलं.

“झोप लागते का गं?”

मला रडूच फुटलं. रडू नकोस, असं त्या म्हणाल्या नाहीत. पायरीवर शेजारी बसल्या आणि स्वतःचं सांगू लागल्या.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर त्या वाडीतल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसायच्या. सासऱ्यांनी भगत आणला, अंगारे झाले. “एकदा आमचे हे आले. ओरडले नाहीत. शेजारी बसले. म्हणाले, तू उठशील तेव्हा उठू. दिवस कलला. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नसेल, असं मनात आलं आणि मी उठले.” मग नवऱ्याने त्यांना मुंबईच्या डॉक्टरांकडे नेलं. “गोळ्यांनी जाडी झाले. पण जिवंत जाडी!”

त्या रविवारी बाई केळी घेऊन आमच्या घरी हजर. हिला डॉक्टरांना दाखवायला हवं, म्हणाल्या.

“आमच्याकडे असलं कुणाला नाही हो,” सासूबाई म्हणाल्या.

“आमच्याकडे पण नव्हतं. मीच पहिली!” म्हणत बाईंनी चहा मागितला.

सासूबाईंनी कपबशी आणून ठेवली. मग हळूच म्हणाल्या, “माझी बहीण होती. आम्ही तिला कोंडून ठेवायचो.” त्या बहिणीचं नाव घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात मला विरारच्या दवाखान्यात न्यायला त्या पुढे झाल्या. बाई होत्याच बरोबर.

हळूहळू मी सावरले. मुलगी हसली आणि मीही हसले, हे एकदा मागाहून लक्षात आलं.

नंतर मी नोकरी सोडली, बाईही निवृत्त झाल्या. बऱ्याच वर्षांनी शेजारच्या एका सुनेला घेऊन मी त्याच दवाखान्यात गेले. ती आत गेली, आणि मी पाहते तो कोपऱ्यातल्या बाकावर बाई.

“आज कुणाला आणलंत?” मी हसत विचारलं.

“मलाच.”

यजमान गेले होते. मुलं लांब. विहिरीचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. मी नुसता त्यांचा हात धरून बसले.

त्या दुखण्यातूनही बाई उठल्या. पुढे काही वर्षांनी गेल्या, त्या म्हातारपणाने, आपल्या घरात. पण डोळ्यांपुढे येतात त्या दवाखान्यातल्या बाई. त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून मला म्हणाल्या,

“तू येतेस आत? मला भीती वाटते गं.”