इन्सुलिन घेऊन हरमलला

तायचा फोन आला तेव्हा मी पाळी गावच्या आमच्या घरी दुपारची भांडी घासत होते. ताय म्हणजे माझी थोरली बहीण, हरमलला दिलेली. रस्त्यावर आलेल्या वाळूवर तिची स्कूटर घसरली होती आणि उजवा पाय मोडला होता. तिचा नवरा मासेमारीच्या ट्रॉलरवर, मुलगा बोटीवर नोकरीला. घरात ती एकटीच, प्लास्टर घालून कॉटवर.

"शेजारीण डबो देता. तू काळजी करू नको," ती म्हणाली.

आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की माझ्या वेण्या तायनेच घातल्या, तापात उशाशीही तीच बसली. मी फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, "मी जातलंय. तिचा पाय बरा होईसर थंयच रवतलंय."

"तू?" तो म्हणाला.

त्या एका शब्दात सगळं आलं. मला मधुमेह. रोज सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. ते सुरू झाल्यापासून मी एकही रात्र परक्या घरी काढली नव्हती. लग्न असो, बारसं असो, सकाळी जायचं आणि दिवे लागायच्या आत परत. औषध फ्रीजमध्ये, म्हणून मीही फ्रीजच्या आसपास. एवढ्या वर्षांत तायकडे मी जेवायला गेले, राहायला कधीच नाही.

"अगो, थंय वादळात खांबे पडलेत. वीज नाय. औषध खंय ठेवतलंस?" त्याने विचारलं.

"तां मी बघीन. पण जातलंय."

माझा नवरा खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. हुज्जत घालून उपयोग नाही हे ध्यानात आलं, तसा तो कामाला लागला. रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास काढून त्याने तो बर्फाने भरला, मधोमध इन्सुलिनची बाटली खुपसली आणि झाकणावरून चिकटपट्टी गुंडाळली. इंजिनाचा भाग बसवावा तितक्या मन लावून. "आता बाहेर कितीही ऊन असूंदे," तो म्हणाला.

डिचोली, म्हापसा असं करत, बस बदलत मी हरमलला पोचले. मे महिना. बसचा पत्रा हात लावू देत नव्हता. सीटखाली इंजिनाची धग लागेल म्हणून पिशवी सगळा वेळ मांडीवर धरली होती.

ताय मला बघून आधी रागावली. "कशाक इलंस गो? तुझीच तब्येत बरी नाय." मग माझा हात तिने जो धरला तो बराच वेळ सोडलाच नाही.

संध्याकाळी टोचायच्या वेळी थर्मास उघडला. बाटलीवर बर्फाचा थर होता. आतलं औषध गोठून घट्ट झालेलं. मी ती बाटली मेजावर ठेवून वितळू दिली, तळहातांत हळूहळू फिरवली. नेहमी ते औषध पातळ दुधासारखं एकसारखं होतं. त्या दिवशी काचेला पांढरे कण चिकटून राहिले, जाता जाईनात. उन्हाची भीती सगळ्यांनी घातली होती, थंडीची कुणीच नाही.

"परत जा गो तू. उद्या सकाळच्या बसने," ताय कॉटवरून म्हणाली.

"आजची बाटली गेली म्हणून उद्या मी जाऊ? नवीन घेते."

शेजारीण मला आपल्या स्कूटरवरून औषधांच्या दुकानात घेऊन गेली. डॉक्टरची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये कायम असते. दुकानदाराने बाटली उजेडात धरली आणि मान हलवली. "बर्फाला टेकली की औषध कामातून गेलं. ही टाकून द्या."

"पण तायकडे फ्रीज बंद आहे. नवीन बाटली कुठे ठेवू?"

"उघडलेली बाटली फ्रीजशिवायही काही आठवडे चालते. पण घरातली सगळ्यात गार जागा शोधा. ऊन नको, चूल नको, आणि बर्फ तर नकोच."

सगळ्यात गार जागा. नवीन बाटली घेऊन परतताना मी तेवढाच विचार करत होते. औषध टोचलं, दोघींना पेज वाढली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच कामाला लागले.

आधी फ्रीज उघडला. तायने बांगडे आणि सोलकढी त्यात तशीच ठेवली होती. "टाकू नको गो, उकळून घे," ती म्हणत राहिली. मी सगळं परसात खड्डा करून पुरलं आणि फ्रीज पुसून दार उघडं ठेवलं. तेव्हापासून त्या घरात जेवण शिजलं की त्याच वेळी संपायचं. सकाळी पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, उंडे, दुपारी बाजारातून आणलेले ताजे मासे, रात्री पेज आणि लोणच्याचा खार. मी मोजूनच शिजवायची.

मग औषध. तायच्या माळ्यावर माशांचं हुमण करायची दोन मातीची बुडकुली होती, एक मोठं, एक लहान. मोठ्यात वाळू घातली, त्यात लहान बसवलं, मधल्या वाळूवर पाणी ओतलं. बाटली कोरड्या डबीत घालून लहान बुडकुल्यात ठेवली, वर ओलं फडकं. समुद्राचा वारा येतो त्या जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, पण उन्हापासून आत, त्याची जागा केली. हरमलची हवा दमट, वाळू काही पटकन सुकत नाही. फ्रीजसारखा गारवा नव्हताच. पण आत हात घातला की बाहेरच्यापेक्षा निवलेलं लागायचं. मला तेवढं पुरे होतं.

"तुझ्या औषधाक पाटावर बसवून नैवेद्यय दाखव," ताय हसून म्हणाली. पडल्यापासून ती पहिल्यांदाच हसली.

रोज सकाळी मी बोट टोचून यंत्रावर साखर बघत होते. पहिल्या सकाळी आकडा चढलेला होता. मी घाबरले, पण पिशवी भरली नाही. चालायला गेले, पेज थोडी कमी केली. हळूहळू आकडा घरच्यासारखा झाला तेव्हा मला कळलं की औषध शाबूत आहे आणि मीही.

नवऱ्याला बर्फाचं सांगायचं मी टाळत होते. शेवटी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "माझ्यामुळे तुका काय झाला असता तर?"

"काय झालं नाही. तुम्ही मन लावून बांधलंत, म्हणून तर गोठलं," मी म्हटलं. तेव्हा कुठे तो हसला. पुढच्या रविवारी मोटरसायकलवरून आला, बुडकुली उचलून, वाळूत बोट घालून सगळं तपासलं आणि "दुपारचंय पाणी घाल" एवढंच म्हणाला. घरी चल, असं त्याने म्हटलं नाही.

प्लास्टर दाखवायला म्हापशाला गेलो त्या दिवशी गाडीवाल्याने माझी औषधाची पिशवी पुढे काचेशी ठेवायला घेतली. "तिथे नको, भाजून निघेल," म्हणून मी ती काढून घेतली. पूर्वी असं काही बोलायची मला लाज वाटायची.

वीज आली तरी मी राहिले. प्लास्टर निघालं, ताय आधी भिंत धरून, मग काठी घेऊन चालायला लागली. दुपारी आम्ही दोघी घरापुढच्या सोप्यावर बसून आईबद्दल बोलायचो. आई कशी हसायची ते मला आठवत नव्हतं. तायने ते हसून दाखवलं. हे जेवायला येऊन-जाऊन कधी झालं नसतं.

निघायच्या दिवशी ती काठी टेकत फाटकापर्यंत आली. "परत कधी येशीत?"

"गणपतीच्या चवथीनंतर. आठ दिवस राहायला," मी म्हटलं, आणि बस दिसली तसा हात केला.