अर्नाळ्याच्या बेटावर आईने पाणी काढलं

आमच्या घरी सहलीची तयारी पाण्यापासून सुरू होते. कपडे, औषधं, चार्जर सगळं नंतर. आधी आई फिल्टरखाली बाटल्या मांडते, एकेक काठोकाठ भरते, झाकणं दोनदा पिळते आणि पिशवीत उभ्या लावते. महिला मंडळाबरोबर बोधगयेला गेली तेव्हा सगळ्या गाडीप्रवासाचं पाणी आमच्या मीरा-भाईंदरच्या शांती नगरातून निघालं होतं. कुणाच्या लग्नाला जेवायला गेली तरी पर्समध्ये बाटली असतेच.

"आई, तिथे पाणी मिळतं गं."

"असू दे. बाहेरच्या पाण्यानं पोट बिघडतं."

पोटाचा काही संबंध नाही. आई परभणीकडच्या खेड्यातली. गावचा आड, म्हणजे पिण्याच्या पाण्याची विहीर, तिच्या लहानपणी आमच्या वस्तीला बंद होता. आमच्या बायका-पोरी घागरी घेऊन खाली उभ्या राहायच्या. वरच्या आळीतली एखादी बाई पाण्याला आली आणि तिला दया आली, तर ती वरून ओतायची. तहानलेल्या पोरीने ओंजळ पुढे करायची आणि हातात पडेल तेवढं प्यायचं. लग्न होऊन आई इकडे आली तेव्हाच तिने ठरवून टाकलं, की पाणी कुणाकडे मागायचं नाही. समोरच्या कोकिलाभाभींशी तिचं गूळपीठ आहे. त्यांच्याकडे चहा होतो, ढोकळा होतो, पण पाण्याचा पेला आला की आई म्हणते, "अभी पी के आई."

तर यंदा आम्हा दोघींचं अंदमान ठरलं होतं. ते साहेबांनी दोन ओळींच्या मेलमध्ये बुडवलं. मी सुट्टीसाठी हळहळत होते आणि आईची काळजी वेगळीच होती.

"मंडळात सांगून बसले ना मी, बेट बघायला चालले म्हणून. आता काय तोंड दाखवू?"

"बेटच बघायचंय ना? रविवारी दाखवते," मी म्हटलं.

अशा रीतीने अंदमानाच्या जागी अर्नाळा आलं. स्कूटी काढली, मागे आई, हँडलखालच्या हुकाला पाण्याची पिशवी, आईच्या मांडीवर भाकरी-चटणीचा डबा. फेब्रुवारीतली गार सकाळ होती.

भाईंदर पश्चिमेच्या धक्क्यावरून वसईला रो-रो बोट जाते. तुम्ही निघणार असाल तर आदल्या दिवशी वेळापत्रक बघून घ्या, ते बदलत असतं. स्कूटीसकट तिकीट इतकं किरकोळ आहे की मी दोनदा विचारून खात्री केली. गाड्या खालच्या डेकवर लावायच्या आणि आपण कठड्याशी जाऊन उभं राहायचं. मीरा-भाईंदर हे साष्टी बेटाचं उत्तर टोक, त्यामुळे खरं तर आम्ही एका बेटावरून निघून दुसऱ्या बेटावर चाललो होतो. आईला हे सांगितल्यावर तिने मागे वळून भाईंदरच्या इमारतींकडे नीट बघून घेतलं. "म्हणजे इतकी वर्षं बेटावरच राहायलो आपण? आणि तू अंदमानला पैसे भरायलीस!"

मागे रेल्वेचा पूल लहान होत गेला. डावीकडे उत्तनकडची टेकडी, दोन्ही काठांना तिवरांची हिरवी दाटी, आणि समोर पाण्यातूनच उगवल्यासारखी वसई किल्ल्याची काळी तटबंदी. इतकी वर्षं जिच्या शेजारी राहतोय ती खाडी एवढी रुंद आहे हे मला त्या दिवशी कळलं. बोटीवर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आई तर कठडा घट्ट धरून, तोंड किंचित उघडं ठेवून बघत होती.

वसईहून अर्नाळ्यापर्यंतचा रस्ता निर्मळ, आगाशी असा वाड्यांमधून जातो. केळी, फुलशेती, जुनी कौलारू घरं, मध्येच पांढरंशुभ्र चर्च. रस्ता अरुंद आहे आणि वळणं फार, तेव्हा घाई करू नका. आगाशीत सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, जरूर घ्या. नालासोपाऱ्याचा स्तूप याच बाजूला आहे. तो आईने मंडळाबरोबर आधीच पाहिलेला होता, त्यामुळे आम्ही सरळ किनारा गाठला.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून बेट अगदी हाताशी दिसतं. होडी माणसं जमली की सुटते. ओहोटी होती म्हणून होडी आत उभी होती आणि तिच्यापर्यंत गुडघाभर पाण्यातून चालत जायचं होतं. साडी वर खोचून आई निघाली. नावाड्याने हात दिला. "मावशी, पाय टाका बिनधास्त. बुडाचा न्हाय इथं कोन." होडीत बसून निम्मं अंतर गेल्यावर आई मांडीवरचा डबा चाचपत म्हणाली, "पाण्याची पिशवी तुझ्याकडं हाय ना?"

पिशवी स्कूटीच्या हुकाला होती. स्कूटी किनाऱ्यावर.

आईने पदर डोक्यावर ओढून घेतला.

बेटावर उतरल्यावर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास सोबतीला येतो. कोळीवाड्याची चिंचोळी वाट, दारात जाळी विणणारे म्हातारे, अंगणात पसरलेली सुकट. एका टपरीत विचारलं तर पाण्याच्या बाटल्या संपलेल्या. मोठी थंड पेयाची बाटली तेवढी मिळाली. आईने एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. टपरीवालीने आपल्या माठाकडे हात केला, "माठातलं देऊ काय?" आई म्हणाली, "नको बाई, तहान न्हाई." ओठ कोरडे पडलेले मला दिसत होते. पण तिच्याशी या विषयावर वाद घालून उपयोग नसतो.

आणि मग किल्ला आला. काय सांगू! लांबून नुसती एक बुटकी भिंत वाटते, आणि जवळ गेल्यावर मान मागे टाकावी लागते. महाद्वाराच्या दोन बाजूंना दगडात वाघ आणि हत्ती कोरलेत. एवढ्या वर्षांचं खारं वारं खाऊनही हत्तीच्या सोंडेची वळी जशीच्या तशी आहे. आईने हात लावून पाहिला. पोर्तुगिजांनी राखलेलं, मराठ्यांनी जिंकून पुन्हा बांधून काढलेलं हे ठाणं. आत शिरल्यावर तोफा किंवा दारूगोळा डोळ्यांसमोर येईल असं वाटलं होतं, तर आत चक्क भाजीची वाडी! तटाच्या चौकटीत वांगी, मिरची, माठाची लाल पानं, केळीचे घड. मग तटावर चढलो. चारी बाजूंना समुद्र, उत्तरेला वैतरणेचं मुख, दक्षिणेला किल्ल्यापासून सुटून एकटाच उभा असलेला गोल बुरूज, आणि मधोमध हा हिरवा तुकडा. वाऱ्याने कानात दडे बसत होते. मी पुष्कळ किल्ले पाहिले आहेत, पण अंगावर असा काटा क्वचित आला.

"एवढ्या खाऱ्यात हे पिकतं कशावर?" आईने विचारलं.

त्याचं उत्तर खाली होतं. किल्ल्याच्या मधोमध दगडी बांधणीचं अष्टकोनी तळं आहे, पायऱ्या उतरत्या, पाणी हिरवं आणि स्थिर. शेजारी महादेवाचं देऊळ. आई देवळात जात नाही, पण तळ्याच्या काठावर बराच वेळ उभी राहिली. तळ्याच्या पलीकडे वाडीत एक विहीर होती आणि आईच्याच वयाची एक कोळीण तिथे पाणी काढत होती. हिराबाय असं तिने नाव सांगितलं. गुडघ्यापर्यंत लुगडं, केसांत अबोलीची वेणी, दंड माझ्यापेक्षा मजबूत.

"पानी गोड हाय गो," ती म्हणाली. "चारी बाजूला दर्या, पन हिच्यात खारेपनाचा थेंब न्हाय. नळाला येतं कधी, न्हाय कधी. ही कवा आटत न्हाय." मग आईच्या तोंडाकडे बघून तिने भरलेली बालदी उचलली. "तान लागलीय तुला. धर ओंजळ."

आईने दोन्ही हात मागे घेतले. अगदी पाठीमागे, पदराखाली. "नको."

मला वाटलं झालं, आता ही अशीच तहानलेली परत जाणार. हिराबाय बालदी धरून ताटकळली होती. आई मात्र तिथून हलली नाही. ती दोराकडे बघत होती.

"मी काढू का?" तिने विचारलं.

आईने काही मागितलेलं मी क्वचितच ऐकलंय. हिराबायने दोर तिच्या हातात दिला. आई दोन पायऱ्या चढून कठड्याशी गेली आणि तिने बालदी खाली सोडली. बालदी पाण्यावर जाऊन पडली आणि तरंगत राहिली. आईने दोर हलवला. बालदी भिंतीवर आपटली, फिरली, पुन्हा तरंगली. वर ओढली तर तळाशी चूळभर पाणी.

हिराबाय हसली. "शेरातली मानसं तुमी!"

"न्हाई बाई. खेड्यातलीच मी."

"मंग? गावची असून बालदी बुडवता येत न्हाय?"

ती सहज चेष्टा करत होती. मी मध्ये पडायला तोंड उघडलं, पण आईच बोलली, अगदी साध्या आवाजात.

"आम्ही जयभीमवाले. आम्हाला आडावर चढू देत नव्हते. खालीच उभं ऱ्हायचं. मग कुठून शिकणार?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं. आईची पाण्याची गोष्ट मला पाठ आहे. पण खेड्यात वाढलेल्या माझ्या आईने आयुष्यात एकदाही विहिरीतून पाणी काढलेलं नाही, हे त्या गोष्टीतच होतं आणि मला दिसलं नव्हतं.

हिराबायचं हसू थांबलं. तिने तोंडातली मशेरी थुंकली, हात धुतला आणि आईच्या शेजारी कठड्याला येऊन भिडली. "मंग आता शिक. काय अवघड न्हाय. दोर ढिला सोड. बालदी पान्यावर टेकली ना, का हिसका दे. वर न्हाय, बाजूला. तिचं तोंड पाड."

आईने हिसका दिला. बालदी नुसती नाचली. पुन्हा दिला. मग एकदम बालदी आडवी झाली, गटकन पाणी प्यायली आणि दोर ताणला गेला. "आली, आली!" आई ओरडली. मी तिला असं ओरडताना कधी ऐकलेलं नव्हतं. दोघी म्हाताऱ्यांनी मिळून नाही, आईने एकटीने ओढली. हिराबाय नुसती "हां, हां, आता दुसरा हात" म्हणत होती. बालदी कठड्यावर टेकली तेव्हा आईचा पदर, पोट, पाय सगळं भिजलेलं.

तिने हिराबायचा तांब्या बुडवून घेतला, कठड्यावर बसली आणि प्यायली. थांबून थांबून, अख्खा तांब्या. मग मला दिला. पाणी गार आणि खरोखर गोड होतं. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

इतक्यात वस्तीतल्या आणखी बायका हंडे घेऊन आल्या. मला वाटलं आता आई खाली उतरेल. कसली उतरते! "ठेवा तिथं. मी भरते," ती म्हणाली. हिराबायने त्यांना काय खूण केली कोण जाणे, त्या मुकाट रांगेत उभ्या राहिल्या. आई कठड्याशी उभी राहून बालदीमागून बालदी काढत होती आणि खालच्या हंड्यांत ओतत होती. मध्ये हिसका चुकला की सगळ्या मिळून सूचना करायच्या. मी फोन काढला, पण फोटो काढावासा वाटला नाही. जेवण तिथेच झालं. आमची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हिराबायने घेतली, तिच्या घरून भाजलेले सुके बोंबील आले. आई हात धुवायचं पाणीसुद्धा स्वतः काढून देत होती.

शेवटी नावाड्याची हाक आली. "मावशी, भरती लागली, चला! नायतर ऱ्हावा इथंच पानी भराला." निघताना आईने माझी थंड पेयाची रिकामी बाटली विसळली आणि काठोकाठ भरून घेतली.

परतीच्या रो-रोवर सूर्य खाडीत उतरत होता. पाण्याचा रंग क्षणाक्षणाला बदलत होता आणि वसईचा तट मागे काळा होत गेला. इतर वेळी मी त्यावर परिच्छेदभर लिहिलं असतं. मी आईच्या हातांकडे बघत होते. दोराने दोन्ही तळवे लाल झाले होते आणि ती ते मांडीवर उघडे ठेवून बसली होती.

सोमवारी ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, अर्नाळ्यात बघण्यासारखं काय आहे? मी सांगितलं, किल्ला आहे, समुद्र आहे, सकाळी लवकर निघा, टोपी घ्या, पाणी नाही नेलंत तरी चालेल. खरंच सांगते, नाही नेलंत तरी चालेल.

संध्याकाळी घरी आले तर दार उघडं होतं. कोकिलाभाभी उंबऱ्याशी उभ्या होत्या आणि आई ती बाटली घेऊन त्यांच्यासमोर.

"यह कौन से तीरथ का है?" भाभींनी डोक्यावर पदर घेतला आणि भक्तिभावाने ओंजळ पुढे केली.

आईने बाटली मागे घेतली.

"तीरथ का नहीं है भाभी, कुएँ का है. मैंने खुद खींचा," ती म्हणाली. "हाथ में नहीं. गिलास लाओ, भर के देती हूँ."