रक्तगट : कोणताही चालेल

माझ्या नणंदेला सांगून आलेल्या बावीस स्थळांपैकी सगळ्यांत चांगलं स्थळ मेलेलं होतं.

आणि ते मीच आणलं होतं. (मुद्दाम नाही. मुद्दाम केलेली माझी कामं सहसा इतकी यशस्वी होत नाहीत.)

मी अमरावतीच्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. सकाळी मुलांना रक्ताभिसरण शिकवायचं आणि संध्याकाळी 'निशिगंधा' या टोपणनावानं मोबाइलवरच्या एका कथांच्या अॅपवर रक्त पिणाऱ्या देखण्या पुरुषाची प्रेमकथा लिहायची, असा माझा दिनक्रम होता. घरात कोणालाच याचा पत्ता नव्हता. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. ते अजूनही लग्नपत्रिकांमधलं ऱ्हस्वदीर्घ तपासतात. सासूबाईंना वाटायचं, सूनबाई रोज पेपर तपासते. नवऱ्याला काहीच वाटायचं नाही.

माझ्या कथेला वाचक मात्र अकरा होते. त्यांतली तीन माझीच खाती.

मग अकोल्याला माहेरी गेले असताना तिथल्या एका वाचनालयात लेखनाचं एकदिवसीय शिबिर होतं, तिथे जाऊन बसले. शिकवणाऱ्या सरांनी माझं पहिलं प्रकरण वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "मॅडम, यात किल्ला आहे, लांडगे आहेत, बर्फ पडतोय. तुम्ही बर्फ पाहिलाय का?"

"हो सर."

"कुठे?"

"गोळ्याच्या गाडीवर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "असे व्हॅम्पायर हजारो लोकांनी लिहिलेत. तुमचा वेगळा कसा? दात तर सगळ्यांनाच असतात! तो राहतो ते जग तुमचं असू द्या. त्याला काय हवंय, कशाची भीती वाटते, कोणाशी तो कसं बोलतो, ते ठरवा. लिहायच्या आधी त्याचा बायोडाटा तयार करा."

परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसले आणि बाहेरची कपाशीची वावरं मागे पळता पळता माझ्या डोक्यातला किल्ला विरघळायला लागला. व्हॅम्पायरला ऊन चालत नाही. मग तो वऱ्हाडात का राहणार नाही? आमच्याकडे मे महिन्यात अकरा ते पाच कोण बाहेर पडतं? सगळं गाव कूलरसमोर आडवं! अशा ठिकाणी तो शंभर वर्षं राहिला तरी कोणाला शंका येणार नाही. बरं, बोलावल्याशिवाय त्याला कोणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही असा नियम. इथे तर रस्त्यानं नुसता चालला तरी दहा दारांतून हाक येईल, "या ना बावा, च्या घेऊन जा!" बिचारा आमंत्रणांनीच थकून गेलेला. आणि घर? ते मला ठाऊक होतं. शाळेच्या सहलीला जाताना परतवाड्याच्या पुढे, चिखलदऱ्याच्या रस्त्यावर मी ते बसमधून पाहिलं होतं. संत्र्याची बाग, मधोमध दगडी घर, हिरवं दार आणि भरदिवसा बंद असलेल्या खिडक्या. दोन मिनिटांत मागे गेलं, पण मी कितीतरी दिवस मनानं त्या दारापाशी उभी होते.

घरी आल्याआल्या बायोडाटा करायला बसले. आता आमच्या लॅपटॉपवर बायोडाट्याचा नमुना एकच होता : मंजूचा. मंजू म्हणजे माझी नणंद. वय चौतीस, पोस्टात नोकरी आणि समोरच्या मुलाचा चहा संपायच्या आत नकार देण्यात पटाईत. मी तिचा मजकूर पुसला आणि त्याचा भरला.

॥ श्री गणेश प्रसन्न ॥ (हे पुसायचं राहिलं.)
नाव : शशांक.
जन्म : १८८७, आश्विन अमावास्या, सूर्यास्तानंतर.
वर्ण : गोरा, किंचित फिकट.
काम : रात्रीचं.
आई-वडील, भाऊ-बहीण : कोणी नाही.
स्थावर : परतवाड्यापुढे, चिखलदरा रस्त्यावर संत्र्याची बाग व हिरव्या दाराचं दगडी घर.
आहार : लसूण चालत नाही.
रक्तगट : कोणताही चालेल.
अपेक्षा : तिला जे बोलावंसं वाटेल ते तिनं बोलावं. मला ऐकायला वेळ भरपूर आहे.

शेवटची ओळ लिहिताना माझेच डोळे भरून आले. कागद छापला आणि चुकून मंजूच्याच फाइलमध्ये ठेवला.

दोन दिवसांनी शाळेतून आले तर सासूबाई दारातच! हातात तो कागद.

"काहून वं, एवढं सोन्यासारखं स्थळ आलं अन् तू फायलीत दाबून ठेवलं?"

"आई, ते... ते तसं नाही..."

"सासू नाही, नणंद नाही, जाऊ नाही! असं घर कोठी भेटते? वाच, हे वाच. रक्तगट कोणताही चालेल म्हणते. केवढ्या मोठ्या मनाचा माणूस हाये!"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अन् लिवलं किती गोड! ज्यानं लिवलं त्याच्या हाताले सोन्याचं कडं घातलं पाह्यजे." आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या लेखनाला चांगलं म्हणत होतं. मी तोंड मिटलं.

सासऱ्यांना पत्रिका मांडायचा नाद. जन्मसाल पाहून सासूबाई म्हणाल्या, "टायपिंगची चूक असन, एकोणीसशे सत्त्याऐंशी धरा." पण ते मुख्याध्यापक! कागदावर आहे तेच त्यांनी मांडलं आणि तासाभरानं गंभीर चेहऱ्यानं बाहेर आले.

"मुलगा उत्तम आहे. फक्त या पत्रिकेप्रमाणे तो स्वातंत्र्याच्या आधीच वारला आहे."

"तुमचं गणित नेहमीच चुकते," सासूबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

आता मंजू नेहमीप्रमाणे नकार देईल आणि मी सुटेन, अशी माझी आशा होती. मंजूनं कागद वाचला. पुन्हा वाचला. मग गच्चीवर गेली. मी मागोमाग गेले तर ती कठड्याला टेकून दूर पाहत होती. उन्हं उतरत होती, शेजारच्या घरांच्या पत्र्यांवर सोनेरी पाणी सांडल्यासारखं दिसत होतं, आणि मंजूच्या चेहऱ्यावर मी तेरा वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं.

"वहिनी, एकवीस जणांनी अपेक्षेत लिहिलं, स्वयंपाक यावा, नोकरी करणारी असावी, मनमिळाऊ असावी. यानं लिहिलं, ऐकायला वेळ आहे." कागदाची घडी करून तिनं पर्समध्ये ठेवली. "मले हा माणूस पाहायचा आहे."

सांग, आता सांग, म्हणून मन ओरडत होतं. आणि मी काय केलं? खाली आले आणि पुढच्या प्रकरणात शशांकला आणखी खोल, मऊ आवाज दिला!

कागदावर फोन नंबर नव्हता. (खानदानी माणसं नंबर देत नाहीत, इति सासूबाई.) तेव्हा फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही पाचजण गाडीनं निघालो. नवरा चालवत होता, सासरे शेजारी पत्रिका घेऊन, मागे सासूबाई लाडवांचा डबा घेऊन, मंजू मोरपिशी साडीत आणि मी देवाचं नाव घेत. मला वाटलं होतं, परतवाड्यात चौकशी करतील, असा कोणी नाही म्हणून कळेल आणि परत फिरू. पण लेखिका बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, जग उभं करताना पत्ता इतका चोख लिहिला होता की चौकशीची गरजच पडली नाही!

बाग आली. संत्र्याला आंबिया बहार आला होता. गाडीची काच खाली केली आणि तो वास असा आत आला की नवऱ्यानं गाडीच हळू केली. पांढरी फुलं, मधमाश्यांचा गुंजारव, मधोमध दगडी घर. हिरवं दार. दुपारचे बारा वाजलेले आणि सगळ्या खिडक्या बंद.

सासूबाईंनी कडी वाजवली. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं आणि एक उंच, फिकट माणूस डोळ्यांवर हात धरून उन्हाकडे पाहू लागला.

"कोन पाह्यजे?"

"शशांकराव तुमीच ना?"

"मी सुधाकर."

"सुधाकर म्हणजेसुद्धा चंद्रच," सासरे आनंदानं म्हणाले. "अर्थ एकच."

"झोपले होते का बावा? एवढ्या दुपारी?"

"माहं काम रातचंच असते. दिवसा झोपतो. पन तुमी आत या ना, उन्हात काहून उभे?"

आत अंधार, गारवा, आणि बाहेरून झिरपत येणारा तो फुलांचा वास. मी स्वप्नात असल्यासारखी खुर्चीच्या काठावर टेकले. सासूबाईंनी प्रश्न सुरू केले आणि प्रत्येक उत्तर माझ्या बायोडाट्यातलं!

"आई-वडील?"

"दोघंही नाहीत. भाऊ-बहीणही नाही. मी एकटाच."

"लग्न?"

"राहूनच गेलं."

"लाडू आणले. पन जेवनात लसूण चालते का?"

"नाही जी. पित्त होते."

नवव्या वर्गाला मी सांगते, पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नका. आता पुरावा समोर बसला होता! मी हळूच उठले आणि भिंतीवरच्या आरशात तो दिसतो का ते पाहायला वाकले. आरशात फक्त मीच दिसले. (आरसा माझ्याच समोर होता, हे नंतर सुचलं.)

तेवढ्यात तो आतून काचेचे दोन पेले घेऊन आला. दोन्हींत दाट, गडद लाल काहीतरी. एक त्यानं स्वतःच्या ओठांना लावला.

"मले रक्त कमी पडते," तो मऊ, खोल आवाजात म्हणाला, "म्हणून रोज हे घ्या लागते." आणि दुसरा पेला मंजूपुढे धरला. "तुमी घेता का थोडं?"

"मंजू, नको!" मी किंचाळले आणि झेप घेतली. एक पेला सुधाकररावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, दुसरा लाडवांच्या डब्यात. "तो मेलेला आहे! अठराशे सत्त्याऐंशीचा आहे! मला माहीत आहे, मीच त्याला लिहिलाय!"

सुधाकररावांनी आधी सदऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बीटाचा रस आहे जी," सुधाकरराव हळूच म्हणाले. "डाक्टरनं सांगतला."

मग मला सगळं सांगावं लागलं. अॅप, निशिगंधा, शिबिर, बायोडाटा. रात्रीचं काम म्हणजे ओलिताचं काम, हे त्यांनी सांगितलं. शेतीची वीज रात्री येते म्हणून ते रात्री बागेला पाणी देतात. सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. नवरा पहिल्यांदाच माझ्याकडे निरखून पाहत होता. सासरे एवढंच म्हणाले, "म्हणजे माझं गणित बरोबर होतं."

मंजू उठून बाहेर निघून गेली.

मी तिच्यामागे बागेत धावले. ती एका झाडाखाली पाठमोरी उभी होती, केसांवर दोन-तीन पाकळ्या पडलेल्या.

"मंजू, मला माफ कर. मी पहिल्याच दिवशी..."

"तू गच्चीवर माझ्यासमोर उभी होती, वहिनी. मी काय बोलून राहिली ते ऐकत होती. अन् खाली जाऊन तू पेपर तपासले नाहीत, त्याची गोष्ट लिहिली. हो ना?"

मी रडायला लागले. ती रडत नव्हती, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

तेवढ्यात सुधाकरराव आले. सदऱ्यावर तो भला मोठा लाल डाग (काय दिसत होते!) आणि हातात मंजूच्या पर्समधून खाली पडलेला तो कागद.

"हे तुमचं." त्यांनी कागद तिला दिला. "मी वाचलं. माफ करा. बाकी मी नाही यातला. शंभर वर्षांचा नाही, गोराही नाही, हे तर बिमारीनं आलं. पन ते शेवटचं..." ते अडखळले. "रातभर पाणी वाहते अन् मी बांधावर एकटा बसून राहतो. ऐकायले वेळ मलेही आहे."

मंजूनं पहिल्यांदा वर पाहिलं. मी समजूतदारपणे तिथून निघाले. (खरं म्हणजे तीन झाडं सोडून थांबले, पण मधमाश्यांमुळे नीट ऐकू आलं नाही.)

मंजू माझ्याशी दीड महिना बोलली नाही. सुधाकररावांशी मात्र फोनवर बोलत होती. घाई तिनं अजिबात केली नाही, त्यांचं रक्त वाढलं, बहार फळांवर आला, संत्री निघाली, आणि मग एके दिवशी सासूबाईंना म्हणाली, "आई, तेविसावं स्थळ मले पसंत आहे." लग्न त्याच बागेत झालं. मांडवात सासरे हातात लग्नपत्रिका घेऊन ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दाखवत फिरत होते.

माझी कथाही वाढत गेली. किल्ला गेला, बाग आली. मंजूनं माझ्याशी अबोला सोडला तो एका अटीवर : जे झालं ते सगळं लिहायचं, स्वतःचा मूर्खपणा न लपवता. मी लिहिलं. आता ओलिताचे तपशील सुधाकरराव फोनवर सांगतात आणि वाचक इतके झालेत की माझी तीन खाती मी बंद केली.

परवा सासूबाई म्हणाल्या, "मलेही वाचून दाखव." मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मधेमधे पदरानं डोळे पुसले. संपल्यावर मी विचारलं, "कशी वाटली, आई?"

"लय खरी वाटली वं. थो रक्त पेनारा तर अगदी समोर येऊन बसला." मग त्यांनी पदर सारखा केला. "फकस्त ते वहिनीचं काही पटलं नाही मले. इतकी येडी बाई असते का कोठी?"