वत्सलाताईंनी न घेतलेला प्याला

शेजारच्यांकडे फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानेच धावले. पलीकडे पेणचे आमचे पाळकसाहेब होते, म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू. वत्सलाताई प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या, असं त्यांनी उपासनेत बोलावं तशा संथ आवाजात सांगितलं. मी विचारलं, "शेवटी काही घेतलं का त्यांनी?" ते म्हणाले, "दोन दिवस सलाईन होतं." मी सलाईनचं विचारत नव्हते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी प्रभुभोजनाचं विचारत होते... पण फोनवर कुणाला काय बोलणार. तवा उतरवला, रोह्याहून एसटी धरली. नागोठणं गेलं, वडखळ गेलं, पेणच्या वाटेवर समोरून गणपतींनी भरलेले टेम्पो येत होते, आणि अख्ख्या रस्त्यात मला रडू म्हणून आलं नाही. राग आला.

त्याला आता दोन महिने होतील. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं म्हणतात. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पुढचं सगळं वाचून वाचून शिकलेलं, तेव्हा गोड लिहिण्याची रीत मला ठाऊक नाही. आणि ताईंना गोड फारसं चालायचंही नाही.

ताई मूळच्या नगरकडच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तरुणपणी पेणला आल्या त्या इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "दिवसभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांना ओरडते, घरी कशाला आणखी एक?" आमची ओळख माझ्या दुसऱ्या बाळंतपणातली. मी कळांनी बेजार, तोंडाला येईल ते बोलत होते. ताई माझ्या पायाशी उभ्या राहून म्हणाल्या, "ओरड हवं तेवढं. पण नवऱ्याला शिव्या देऊ नकोस. त्या मी बाहेर जाऊन देते." आणि खरंच दिल्या! ते बाहेर तपकीर ओढत बसले होते, ते उठून उभेच राहिले. त्या दिवसापासून ताईंचं नि माझं जमलं ते तीस वर्षं.

ड्यूटी संपली की छत्री काखेत मारून त्या वाड्यांवर जायच्या. जिते गावाच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला कातकऱ्यांची एक वाडी आहे. तिथली सोमी ही ताईंची फार लाडकी. तिची तिन्ही मुलं ताईंच्या हातावर जन्मली. ताईंनी तिला कधी धर्म शिकवला असं मला तरी आठवत नाही. पण एक दिवस सोमीच म्हणाली, ज्याच्या नावानं तुम्ही पावसाचिखलातनं इथवर येता, तो मला पण पाहिजे. सोमी, तिचा नवरा आणि तिची सासू, तिघांनी बाप्तिस्मा घेतला. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते.

आता जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. प्रभू येशूने मरणाच्या आदल्या संध्याकाळी शिष्यांबरोबर भाकर मोडली आणि प्याला दिला, त्याची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. आमच्या पेणच्या मंदिरात एकच प्याला होता, चांदीच्या मुलाम्याचा, कान तुटलेला. तो बाकाबाकावरून हातोहात जायचा. आपण प्यायचं, कडा रुमालाने पुसायची, शेजारणीला द्यायचा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच बघत आले.

सोमीच्या बाप्तिस्म्यानंतरच्याच महिन्यात पंचांची बैठक बसली. विषय : मंडळीचे आरोग्य. आमचे सेक्रेटरी नागोठण्याकडे कंपनीत मोठे साहेब, इस्त्रीच्या कपड्यातले, बोलायला फार मृदू. ते म्हणाले, एका प्याल्यातून जंतू पसरतात, आता प्रत्येकाला स्टीलचा छोटा पेला द्यावा, शहरातल्या मंडळ्यांमध्ये तसंच करतात. शहरात करत असतील, त्यांची कारणं त्यांना ठाऊक. आमचं कारण शेवटच्या बाकावर येऊन बसलं होतं, पण त्याचं नाव कुणी घेईना. ताईंना मुद्दाम बोलावलं होतं. मी बरोबर गेले होते, म्हणून मला सगळं ठाऊक.

सेक्रेटरी म्हणाले, "ताई, तुम्ही नर्स आहात. मंडळी तुमचं ऐकेल. एका प्याल्यातून रोग पसरतात, एवढंच रविवारी उभं राहून सांगा."

ताई म्हणाल्या, "पसरतात ना. वीस वर्षं तुमच्या मिशा त्या प्याल्यात बुडत होत्या, तेव्हाही पसरत होते. तेव्हा मला कुणी बोलावलं नाही."

पाळकसाहेब टेबलावरच्या कागदाची घडी घालत राहिले. मग ताईंनी सरळ विचारलं, सोमी आली नसती तर हे पेले आले असते का, हो की नाही तेवढं सांगा. त्यावर सेक्रेटरी दुखावल्यासारखे म्हणाले, ताई, तुम्ही आमच्या मनात नाही ते घालताय... पेले आले. मुंबईहून, खाचा पाडलेल्या लाकडी ट्रेसकट. जुना प्याला कपाटात गेला.

त्या महिन्यापासून ताईंनी प्रभुभोजन घेणं सोडलं. उपासना चुकवली नाही, तिसऱ्या बाकावर भिंतीकडेची त्यांची जागा सोडली नाही. ट्रे आला की फक्त मान हलवायच्या. सहा वर्षं. आणि त्यांच्या शेजारी बसून दर पहिल्या रविवारी मी माझा छोटा पेला उचलत होते, पीत होते, परत खाचेत ठेवत होते. मला कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. पण माझ्या मुलीचं लग्न याच मंडळीत जमवायचं होतं, मुलाला कंपनीत चिकटवायचं होतं, आणि रोह्याहून महिन्यातून एकदा येणाऱ्या बाईने कशाला तोंड उघडायचं, असं मी स्वतःला समजावत होते. एकदा मी ताईंना म्हटलंही, अहो, रागावून प्रभूच्या मेजापासून दूर राहायचं हे तरी कुठल्या शिकवणुकीत बसतं? सेक्रेटरींना क्षमा करा, संपवा. ताई म्हणाल्या, "ते मला जमत नाही गं सुमन. प्रभूने सांगितलेलं बाकी बरंच जमलं, हे नाही जमत." आणि छत्री उघडून चालायला लागल्या.

यंदा आषाढात त्या अंथरुणाला खिळल्या. पोटाचं दुखणं, किती दिवसांचं ते त्यांना स्वतःलाच आमच्या आधी कळलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा सोमी उशाशी बसून पेज भरवत होती. ताईंनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "पाळकांना सांग, मला एकदा प्रभुभोजन द्या म्हणावं. त्या जुन्या प्याल्यातनं. मी, तू आणि सोमी. एकाच प्याल्यातनं." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

मी तडक पाळकांच्या घरी गेले. माणूस वाईट नाही हो. म्हणूनच जास्त चीड येते. ऐकून त्यांचे डोळे भरले, ते त्यांचे पटकन भरतात. म्हणाले, का नाही, उद्याच येतो. मग जरा थांबून त्यांनी मला विचारलं, "पण तुम्ही स्वतः घ्याल ना, सोमीच्या मागून, त्याच प्याल्यातून?"

आणि मी थांबले.

किती थांबले असेन? पदर सारखा करण्याएवढं. मग हो म्हटलं. पण तेवढ्यात त्यांना जे हवं होतं ते मिळून गेलं. त्यांचा चेहरा सैल झाला, म्हणाले, बघा, तुम्हालाही अवघड जातं... पंचांच्या कानावर घालून मग येतो. मी तिथे भांडायला हवं होतं. मी चहा पिऊन परत आले.

पाळक आठ दिवसांनी आले ते स्टीलच्या पेल्यांचा डबा घेऊन. सोमीने मला सांगितलं, डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला तशी ताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर त्या फार बोलल्या नाहीत. पुढे आठवड्याभरात मला फोन आला.

दफनाला मंदिर भरलं होतं. सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. फार सुंदर बोलले. ताईंची सेवा, ताईंचा त्याग, चिखलातल्या त्यांच्या पायवाटा. शेवटी हात जोडून म्हणाले, आम्ही सारे भाग्यवान, ताईंबरोबर एकाच भाकरीचे आणि एकाच प्याल्याचे वाटेकरी होतो. वाटलं, उठावं आणि ओरडावं, अहो, कुठला प्याला? कुणी ठेवला तो कपाटात? पण लोक रडत होते, पेटी समोर होती, आणि मी सहा वर्षं गप्प बसलेली बाई त्या दिवशीही गप्प बसले.

माती लोटून झाल्यावर सोमी दफनभूमीच्या दगडी गडग्याला टेकून एकटीच उभी होती. मी तिच्याजवळ गेले, आणि मनात साठलेलं सगळं तिच्यापुढे ओतलं. ताई तुझ्यासाठी कशा भांडल्या, तुझ्यासाठी सहा वर्षं कशा उपाशी राहिल्या. मला वाटलं, ती माझ्या गळ्यात पडेल.

"मला कुणी इचारलंच नाय, मावशी," ती म्हणाली.

मला कळेना ती काय म्हणतेय. मग ती बोलायला लागली. सहा वर्षांत एवढं बोललेली मी तिला ऐकली नव्हती. म्हणाली, मी मागं बसून दर महिन्याला तो बारका पेला घेत व्हते. मला त्याच्यात पण प्रभू गावत व्हता. पन पुढं ताई मान हलवायच्या ना, तवा घोट गळ्याखाली उतरायचा नाय. माझ्यापायी ताईंचा घास तुटला, आसं वाटायचं. दोनदा ठरवलं यायचंच बंद करू, म्हणजे तरी ताई जेवतील. साहेबांनी मला इचारलं नाय, पाळकांनी नाय, तुम्ही नाय. आन ताईंनी पण नाय.

त्या क्षणी मला ताईंचासुद्धा राग आला, खोटं का सांगू. या बाईची तिन्ही बाळंतपणं काढली, पेज तिच्या हातची खाल्ली, आणि एकदा, एकदा तरी मान मागे वळवून तिला म्हणायचं होतं, सोमी, तुला काय वाटतं गं, मी काय करू? प्रभूच्या मागे जाण्याची आम्हा प्रत्येकाची आपापली तऱ्हा. साहेब स्वच्छ हातांनी जातात, पाळक पंचांना विचारून जातात, मी सगळे आधी जाऊ देत मग निघते, आणि ताई रागाने एवढ्या भराभर गेल्या की ज्या बाईला बरोबर घेऊन निघाल्या ती मागेच राहिली.

गेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पेणला गेले. तिसऱ्या बाकावर ताईंची भिंतीकडची जागा रिकामी होती, मी माझ्या जागी बसले. गीत चालू असताना कुणीतरी दंडाला हात लावला. सोमी. "सरका, मावशी," म्हणाली, आणि माझे गुडघे ओलांडून ताईंच्या जागेवर जाऊन बसली. वाडीवरचं माणूस तिसऱ्या बाकावर आजवर बसलेलं नाही. बसू नका असं कुणी म्हटलं नव्हतं, आमच्यात म्हणत नाहीत.

भाकर झाली. मग मंडळीत पेले वाटायचं काम करणारे मास्तर ट्रे घेऊन आले. माझ्यापुढे धरला, मी पेला उचलला, आणि ट्रे पुढच्या बाकाकडे गेला. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. सहा वर्षं त्या जागेवरून नकारच मिळालेला, त्यांच्या हाताला तीच सवय. भिंतीकडे ते बघतसुद्धा नाहीत.

"मास्तर, हितं राह्यलं," सोमी म्हणाली. हळूच म्हणाली, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. मास्तर गडबडले, मागे वळले. पण तिने ट्रेकडे हात केलाच नाही. माझ्या हातातला पेला घेतला, अर्धा प्यायली, पदराने कडा पुसली, आणि माझ्यापुढे धरला.

या वेळी मी थांबले नाही. पाठीमागे कुणीतरी मोठ्याने खाकरलं. खाकरू दे.