सतरा बायकांचे भागीदार

त्रेचाळिसाव्या वर्षी सुलेखा पुन्हा विद्यार्थिनी झाली, तेव्हा पहिल्या दिवशी दोन मुलांनी तिला प्राध्यापिका समजून वर्गाचं दार उघडून धरलं. त्यांचं तसं फार चुकलं नव्हतं. नागपूरच्या एका कॉलेजात तिने अकरा वर्षं अर्थशास्त्र शिकवलं होतं. मग तिच्या नवऱ्याला, उल्हासला, ड्रोहेडाजवळच्या औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि सुलेखा आपली नोकरी सोडून त्याच्याबरोबर आयर्लंडला आली. इथे तिने अर्जांवर अर्ज केले. काहींना तिची पदवी कळेना, ज्यांना कळली ते इथला अनुभव मागत. पाच वर्षं असं झाल्यावर ती वैतागून म्हणाली, मग पदवीच इथली घेते. डब्लिनच्या एका विद्यापीठात तिने दोन वर्षांच्या अर्धवेळ एम.ए.ला नाव घातलं.

पहिलं वर्ष रडतखडत गेलं. फळ्यावर समीकरण सोडवणं तिच्या हातचा मळ, पण इथे फळ्याला कुणी हातच लावत नव्हतं. सगळं कॉम्प्युटरवर, आणि एक स्वल्पविराम राहिला की तो लाल अक्षरांत अंगावर यायचा. तिची पंधरा वर्षांची ज्ञानदा मागून जाता जाता म्हणायची, "आई, यू मिस्ड अ कॉमा," आणि प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, बिस्किटं काढून निघून जायची. उल्हासचं पालुपद एकच, "होईल गं, ग्रँड होईल." इथल्या लोकांचा तो उठताबसता 'ग्रँड' सुलेखाच्या डोक्यात जायला लागला होता.

दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. विषय तिच्या मनात पक्का होता: नवऱ्याच्या नोकरीसाठी इथे आलेल्या शिकलेल्या बायकांच्या स्वतःच्या नोकऱ्यांचं काय होतं? सरकारी पाहणीत बघितलं, तर तिला हव्या त्या रकान्यात आकड्याऐवजी एक चांदणी होती. खाली टीप होती, संख्या फार कमी असल्याने आकडा दिलेला नाही. तिची मार्गदर्शक फिनोला हुशार आणि मायाळू बाई होती. ती म्हणाली, "मग तूच मोज."

माणसांना प्रश्न विचारायचे म्हणजे आधी विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची परवानगी. कमिटीने अर्ज दोनदा परत केला. तिसऱ्यांदा लिहिलं, की प्रश्नावली बायकांच्या मातृभाषेत हवी. सुलेखाने कळवलं, की यांतली प्रत्येक बाई निदान पदवीधर आहे आणि दिवसभर इंग्रजीतच वावरते. कमिटी हलली नाही. बरं, मराठीत तर मराठीत, मीच करते, असं सुलेखाने लिहिलं. तेही चालेना. संशोधकाने स्वतः भाषांतर केलं तर निःपक्षपातीपणा राहत नाही, म्हणून ते प्रमाणित भाषांतरकाराकडूनच हवं.

सात आठवड्यांनी भाषांतर आलं. ते वाचताना सुलेखाचं डोकं भणभणलं. ते मराठी कुठल्या गावात बोलतात हे तिला कळेना. तिने चौदा दुरुस्त्या कळवल्या. उत्तर दोन ओळींचं आलं, की प्रमाणित मजकुरात संशोधकाला बदल करता येणार नाही. आधीच मार्च उजाडला होता. जाऊ दे, आपल्या बायका समजून घेतील, असं म्हणून तिने प्रती काढल्या.

ड्रोहेडातल्या एका हॉलमध्ये मराठी मंडळी महिन्यातून एकदा जमत. तिथे आणि आणखी दोन ठिकाणी मिळून एक्केचाळीस बायकांनी फॉर्म भरून बंद पेटीत टाकले. कुणाचं नाव कुठेच नव्हतं. ती कमिटीची अटच होती. सुलेखाने तीन दिवस बसून खुणांचे आकडे यंत्रासारखे कॉम्प्युटरवर भरले, कोष्टकं काढली आणि फिनोलाला पाठवली.

फिनोलाने तिला बोलावून घेतलं. ती खूश दिसत होती. "हे मला अपेक्षित नव्हतं," ती म्हणाली. "एक्केचाळीसपैकी सतरा जणी एकट्या आहेत? यावर तर स्वतंत्र प्रकरण होईल."

"एकट्या?" सुलेखा म्हणाली. "मी ओळखते त्यांना. सगळ्या नवऱ्याबरोबर आल्यात."

तिने नववा प्रश्न काढून पाहिला. 'तुमच्या भागीदाराच्या रोजगारामुळे तुम्ही स्थलांतर केलेत काय?' खाली सतरा जणींनी 'मला भागीदार नाही' यावर खूण केली होती. एकीने शेजारी लिहिलं होतं, 'आमचा काही धंदा नाही.'

इंग्रजीतला 'पार्टनर' म्हणजे नवराही, पण मराठीतला 'भागीदार' फक्त धंद्यातला, असे दोन्ही शब्द सुलेखाने फिनोलाला समजावून सांगितले. सांगताना आपला आवाज चढलाय हे तिला कळत होतं, पण तो खाली येईना. सतरा जणींना फोन करून विचारता येत नव्हतं, कारण त्या सतरा कोण हे पेटीलाच ठाऊक. आणि चौदा दुरुस्त्यांत हा शब्द होता, तरी आपणच कंटाळून सोडून दिलं, याची चीड सगळ्यांत जास्त होती.

फिनोलाने कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाली, "मुदत वाढवून घेऊ. आणि या वेळी कमिटीला पत्र मी लिहिते."

तिने खरंच लिहिलं, आणि चांगलं झणझणीत लिहिलं. सुलेखाचं मराठी मंजूर झालं. प्रबंध ऑगस्टऐवजी जानेवारीवर गेला. सुलेखा पुन्हा हॉलमध्ये उभी राहिली, तेव्हा वृंदा नावाची नाशिकची डेंटिस्ट फॉर्म हातात घेत म्हणाली, "सुलेखाताई, परत? मागच्या वेळी मी नीट भरला होता हो. भागीदार नाही म्हणून लिहिलंसुद्धा."

 सुलेखा इतकी हसली, की तिला खुर्चीवर बसावं लागलं.

वृंदाला आयर्लंडमध्ये येऊन चार वर्षं झाली होती. इथली परीक्षा दिल्याशिवाय तिला दाताला हात लावता येत नव्हता, आणि मूल झाल्यावर तो विषय घरात कुणी काढला नव्हता. नव्या फॉर्ममध्ये 'आणखी काही सांगायचं आहे?' या प्रश्नाखाली तिने पान भरून मागच्या बाजूला लिहिलं, आणि पेटीत न टाकता सुलेखाच्या हातात दिलं. "नाव घातलं तरी चालेल," ती म्हणाली.

जानेवारीत प्रबंध गेला. दुसरा वर्ग मिळाला. पहिला थोडक्यात हुकला, आणि परीक्षकाने कारण दिलं होतं, की माहिती गोळा करायला उशीर झाल्याने विश्लेषण घाईचं वाटतं. ते वाक्य सुलेखाने उल्हासला दोनदा वाचून दाखवलं. तो काही बोलायच्या आत तिने बोट वर केलं, आणि तो आपला 'ग्रँड' गिळून चहा टाकायला उठला.

आता ती डब्लिनमधल्या बॉल्सब्रिजच्या एका संशोधन संस्थेत आठवड्यातून तीन दिवस जाते. वृंदा परीक्षेच्या अभ्यासाला लागली आहे. इथल्या कागदपत्रांनी जीव नकोसा केला, की ती सुलेखाला फोन लावते. सुलेखा फोन स्पीकरवर टाकून भाजी चिरत ऐकत राहते आणि मधून मधून विचारते, "बरं, मग पुढे काय म्हणाले ते?"