पेवातलं पाणी

भोकरदनला आमची गल्ली ओढ्याकडे उतरते. तिच्या शेवटी मावशींचं घर आहे. मावशी नात्याच्या नव्हेत, पण सगळी गल्ली त्यांना मावशीच म्हणते. त्यांच्या स्वयंपाकघराची मागची भिंत ओढ्याच्या काठावर उभी आहे. मोठा पाऊस झाला की वरच्या सगळ्या घरांचं पाणी गल्लीतून धावतं, काठाची माती ओढ्यात लोटतं आणि त्या भिंतीचा पाया उघडा पडतो. उन्हाळ्यात आम्ही अंगणात फरशी बसवायचं ठरवलं, तेव्हा मावशी घरी आल्या.

"फरशी बसव बाबा, पण तुझं पाणी तुझ्या दारात ठेव. माझ्या भिंतीला आता आंघोळ सोसत न्हाई."

छताचं पाणी अंगणातच पडायचं आणि फरशीत ते मुरणार नव्हतं. मी हिशोब केला. छत आठशे चौरस फूट. एक इंच पाऊस पडला तर सुमारे अठराशे ऐंशी लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे नऊ-साडेनऊ ड्रम. अंगणात ज्वारी साठवायचं जुनं पेव होतं, जमिनीत खोल खणलेलं, तोंडावर दगड ठेवून कित्येक वर्षं बंद. दगड सरकवून वरूनच टेप सोडला. अडीच हजार लिटरची जागा निघाली. छताचा पाइप त्यात सोडला की पाणी हळूहळू मुरेल, खोदाईही वाचेल.

आई ओट्यावर शेंगा फोडत होती. "पेवात पाणी घालून राह्यला का? तुझ्या आजोबानं जल्मभर पाण्यापासून राखलं ते."

मला वाटलं, आठवणींपोटी बोलते आहे. तरी पाइप जोडण्याआधी पेवात वीस बादल्या ओतल्या आणि काठीवर खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी जेमतेम बोटभर उतरलं होतं. पाणी न शोषणारी घट्ट जागा बघूनच तिथं पेव काढलेलं. ज्वारी कोरडी राहायची ती त्यामुळे. आकारमान मी बरोबर काढलं होतं, पण जमीन किती पाणी घेते हे धरलंच नव्हतं.

पेव बुजवलं. उताराकडच्या कोपऱ्यात, घराच्या पायापासून लांब, काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत नवा खड्डा घेतला. त्यातही वीस बादल्या ओतल्या; दुपारपर्यंत तळ दिसला. मग दगडगोटे भरून पाइप जोडला. फरशी निम्म्याच अंगणाला बसवली. बायकोनं गाडीसाठी धरलेला कोपरा गेला.

"पाण्याला पार्किंग दिली तुम्ही," एवढंच ती म्हणाली.

जुलैत एकदा जोराचा पाऊस झाला. थांबल्यावर मी मावशींकडे गेलो. ओढा गढूळच होता. काठाची माती थोडी गेलीच होती, पण पाया झाकलेला होता.

"औंदा कमी गेली," मावशी म्हणाल्या.

"मावशी, एकवीस घरांतल्या एकाच घराचं पाणी अडलंय. यंदा एकूण पाऊसही कमीच झालाय."

"हिशोब तू कर. मी तुझ्या समोरच्याला सांगून आल्ते, ह्याचा खड्डा बघ म्हणून."

घरी आलो तर समोरचे आमच्या कोपऱ्यात वाकून उभे होते. "किती खोल घेतला, भाऊ?"

"मुरूम लागेपर्यंत," मी म्हणालो. "पण आधी बादल्या ओतून बघा."